संघनायक कोण?

शाळांच्या भिंतींवर चारित्र्याविषयी जेवढं रंगवलेलं असतं तेवढं दुसऱ्या कशाविषयी नसेल. जिन्याच्या पायऱ्यांवर, मुख्याध्यापकांच्या दारावर, अगदी पिण्याच्या पाण्याच्या टाकीवरसुद्धा. त्याच टाकीचा नळ गळत असतो आणि मधल्या सुट्टीत सगळी शाळा त्याच्यासमोरून जाते. एखादाच मुलगा थांबतो, नळ पिळून बघतो, वायसर गेलंय म्हणून शिपाईमामांना सांगून येतो. हा एखादा कसा तयार होतो, एवढंच माझं कुतूहल आहे. सुविचार वाचून होत नसावा. सुविचार तर सगळ्यांनीच वाचलेला असतो.

मला या प्रश्नाचं थोडंफार उत्तर मिळालं ते स्काऊटच्या पथकात. तालुक्याच्या गावचं हायस्कूल, शनिवारची सकाळची शाळा. ती सुटली की मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली आमचं पथक भरायचं. खाकी गणवेश, गळ्यात स्कार्फ, त्याला वॉगलची कडी, दोरीला शिट्टी. बाजारपेठेतून जाताना पानवाला हमखास हाक मारायचा, "काय रे, लढाईवर का?"

वरवर बघता पानवाल्याचं चुकत नव्हतं. या चळवळीचा जनक फौजीच होता. रॉबर्ट बेडन-पॉवेल 1876 साली इंग्रजी घोडदळातला कोवळा अधिकारी म्हणून लखनौला आला. पुढे बोअर युद्धात मॅफेकिंगला 217 दिवस वेढा पडला, तेव्हा तिथला सेनापती तोच. वेढ्यात गावातली पोरं निरोप्याची कामं करत होती. पोरांवर भरवसा टाकला तर ती तो सांभाळतात, हे तिथे त्याच्या मनात बसलं. 1907 च्या ऑगस्टमध्ये त्याने ब्राउन्सी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. त्यात काही ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली होती, काही कामगारांची. त्या काळच्या इंग्लंडात या दोन प्रकारच्या पोरांनी शेजारीशेजारी अंथरूण घालणं सोपं नव्हतं. बेडन-पॉवेलने त्यांच्या चार टोळ्या पाडल्या आणि प्रत्येक टोळीवर एक मुलगाच नायक नेमला. पुढच्या वर्षी 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक पंधरवड्याच्या अंकांनी बाहेर पडलं, तेव्हा इंग्लंडभरची पोरं मोठ्यांची वाट न बघता आपापल्या टोळ्या जमवून मोकळी झाली. एका सेनापतीच्या पुस्तकाचा पहिला परिणाम असा बिनसेनापतीचा झाला, याची मला अजून गंमत वाटते.

अर्थात चळवळीवरचे आक्षेप जुने आहेत आणि ते वजनदार आहेत. मायकेल रोझेंथल यांनी 1986 साली या विषयावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं नावच 'द कॅरेक्टर फॅक्टरी'. साम्राज्याला हुकूम ऐकणारी माणसं हवी होती आणि स्काऊटने ती घाऊक तयार करून दिली, हा त्यांचा रोख. बेडन-पॉवेलच्या मूळ नियमांतला सातवा वाचला तर हा आरोप पटतोही. संघनायक, स्काऊटमास्तर यांचा हुकूम उलट न विचारता पाळावा, असाच तो नियम होता. मीही तो नियम पुढे वाचला तेव्हा नाक मुरडलं. पण आमच्या शिबिरात मी जे पाहिलं, ते या कारखान्याच्या हिशेबात बसत नाही.

दिवाळीच्या सुट्टीतलं शिबिर. कृष्णेच्या काठी एका मळ्यात तंबू ठोकलेले. एकेका संघात सात-आठ मुलं. आमचा संघनायक कुंभारवाड्यातला, अभ्यासात यथातथाच, बोलायला त्याहून कमी. पहिल्या दिवशी त्याने वहीचा कागद फाडून नेमणुका लिहिल्या: पाणी कोण, सरपण कोण, भांडी कोण. स्वयंपाक आला पेठेतल्या एका किराणा दुकानदाराच्या मुलाकडे. त्याने जन्मात चूल पेटवली नव्हती. तांदळाच्या भावापासून जातीपर्यंत सगळं त्याला ठाऊक. भात कसा होतो एवढंच ठाऊक नव्हतं. त्यातून नदीकाठचं सरपण ओलसर. धुराने डोळे चुरचुरले, पातेलं खालून करपलं, वरचा भात कचकचीत राहिला. अंधार पडला होता आणि भूक मरणाची लागलेली. आम्ही दोघंतिघं सरांकडे गेलो. सर जांभळीखाली खाटेवर बसून कंदिलाच्या उजेडात पेपर वाचत होते.

"सर, भात कच्चा राहिला."

"बरं."

"मग आता काय करायचं, सर?"

सरांनी पेपरातून मान वर केली. "संघनायक कोण?" एवढंच विचारलं आणि पान उलटलं.

आम्ही परत आलो. संघनायकाने काही न बोलता चुलीतली दोन लाकडं मागे ओढली, जाळ मोडला, वरचा भात हलकेच दुसऱ्या पातेल्यात काढला, त्यावर पाण्याचा हबका मारला, ताटली झाकली आणि ताटलीवर पळीने निखारे पसरले. कुंभाराचं पोर ते. जाळ कुठे लागतो आणि धग कुठे, हे त्याला भट्टीपुढे बसून कळलेलं. आम्ही दहाच्या सुमाराला जेवलो. दुकानदाराच्या मुलाला वाटत होतं, आता आपली खरडपट्टी निघणार. ती निघाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेमणुकांचा नवा कागद तंबूच्या खांबाला लागला, त्यात स्वयंपाकापुढे पुन्हा त्याचंच नाव होतं.

मला वाटतं, त्या कागदात स्काऊटिंगचं बरंचसं सार आहे. ज्याच्या हातून भात बिघडला त्याच्याच हातात दुसऱ्या दिवशी पळी द्यायची, ही अक्कल चौदा वर्षांच्या मुलाला कुणी शिकवली नव्हती. सर लांब बसले म्हणून ती बाहेर आली. ते उठून आले असते तर भात लवकर झाला असता, आम्हीही लवकर झोपलो असतो, आणि दुकानदाराचा मुलगा त्या दिवसापासून चुलीकडे फिरकला नसता. सरांच्या खाटेखाली पोह्यांची थैली होती, हे आम्हाला निघायच्या दिवशी कळलं. म्हणजे पोरं उपाशी झोपणार नाहीत याची तजवीज त्यांनी करून ठेवली होती, फक्त ती आम्हाला दाखवली नाही. मुलांवर सोपवणं आणि मुलांना वाऱ्यावर सोडणं यांत त्या पोह्यांच्या थैलीएवढं अंतर आहे.

इंग्रजीत याला 'पेट्रोल सिस्टिम' म्हणतात, आपल्याकडे संघ पद्धती. त्यावर रोलंड फिलिप्स नावाच्या तरुणाने 1914 मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं, आणि दोन वर्षांनी तो सोमच्या लढाईत मारला गेला. मोठ्या पथकात मूल लपू शकतं, सात जणांत लपू शकत नाही. पाणी आणायचं काम ज्याचं आहे त्याने ते आणलं नाही तर सातही जण तहानलेले राहतात आणि सातही जणांना त्याचं नाव माहीत असतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हक्क आणि कर्तव्यं शेजारीशेजारी छापलेली असतात. त्यांचा एकमेकींशी काय संबंध आहे, ते मला रिकाम्या हंड्यापाशी कळलं.

याच शिबिरातली दुसरी गोष्ट. आमच्यातल्या एकाला त्याच्या आजीने बजावून वेगळा डबा दिला होता: चिवडा, लाडू, दशम्या. कुणाच्या हातचं खायचं नाही, हे त्यातलं न बोललेलं. संघात गावातल्या पाच आळ्यांची मुलं होती आणि पातेलं एकच. पहिल्या रात्री तो बाजूला बसून दशमी खात होता. कुणी त्याला चिडवलं नाही, कुणी समतेवर व्याख्यान दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी कागदावर त्याचं नाव भाजी चिरण्यापुढे लागलं. स्वतः चिरलेली वांगी रश्श्यात रटरटताना बघून वेगळं बसणं त्याला जमेना. त्याने ताट पुढे केलं. डब्यातले लाडू रात्री शेकोटीजवळ सगळ्यांनी मिळून संपवले. गावात परतल्यावर आळ्या आपापल्या जागी होत्या आणि त्याची आजीही. शिबिराने जात मोडली असं मी म्हणणार नाही, तेवढं बळ चार दिवसांच्या तंबूत नसतं. मात्र आम्ही एका पातेल्यातलं जेवलो होतो, आणि ही माहिती पुढे आयुष्यभर कुणाला पुसता आली नाही.

पावसाळ्यात शिबिर नसे, तेव्हा वर्गात खेळ चालायचे. त्यातला 'किमचा खेळ' माझ्या आवडीचा. सर परातीत चोवीस वस्तू मांडायचे: सुई, सुपारी, चिंचोका, खडूचा तुकडा, एस.टी.चं तिकीट, बांगडीची काच. एक मिनिट बघायचं, मग वर टॉवेल, आणि आठवेल ते कागदावर लिहायचं. हा खेळ किपलिंगच्या 'किम' कादंबरीतून आलेला. तिथे सिमल्याचा एक जवाहिऱ्या पोराला हेरगिरीसाठी तयार करताना रत्नांनी भरलेलं तबक दाखवतो. किपलिंग जन्मला मुंबईत, 1865 साली, वडील जे. जे. कला शाळेत शिकवत होते तेव्हा. त्याच्या 'जंगल बुक'मधला अकेला तर छोट्या कब मुलांच्या पथकाचा म्होरक्याच होऊन बसला आहे. ते जंगल सिवनीचं, म्हणजे आपल्या नागपूरच्या शेजारचं. तिथला लांडगा इंग्लंडला जाऊन गणवेश घालून परत आला. साम्राज्याचा हेर घडवणाऱ्या खेळातून आम्हाला मात्र वेगळंच मिळालं. स्टँडवर गाडी चुकलेली म्हातारी, उघडं राहिलेलं गटाराचं झाकण, वर्गात आज गप्प असलेला मित्र, हे सगळं परातीतल्या वस्तूंसारखं समोरच असतं. दिसायला सवय लागते. चांगलं वागण्याची सुरुवात दिसण्यापासून होते, असं माझं मत आहे. पुष्कळ माणसं वाईट नसतात, त्यांना दिसतच नाही.

गाठींबद्दल थोडक्यात. रीफ नॉट मारताना उजवं टोक डाव्यावर आणि मग डावं उजव्यावर. क्रम चुकला की दिसायला तशीच, पण ताण पडताच सरकणारी गाठ होते. सर आम्हाला पाठीमागे हात घेऊन ती मारायला लावायचे, कारण पट्टी बांधायची वेळ उजेड बघून येत नाही. एरवी शोभेचा वाटणारा स्कार्फ अशा वेळी हात मोडलेल्याची झोळी होतो.

भारतात हे सगळं सरळ आलं नाही. 1909 मध्ये बंगळुरूला पहिलं पथक निघालं, ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांना दार बंद होतं. ही विद्या त्यांच्या हाती पडली तर ती कुणावर चालवतील याची राज्यकर्त्यांना धास्ती. म्हणून 1916 साली मद्रासला ॲनी बेझंट यांनी हिंदी मुलांची वेगळी संघटना काढली. तिकडे अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. कुंझरू हे नाव आपण विसरलो आहोत. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 मध्ये पुण्यात काढलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य, 1936 पासून अध्यक्ष. सार्वजनिक काम हे फावल्या वेळचं पुण्यकर्म समजू नये, ते शिस्तीने आणि अभ्यासाने करावं, ही गोखल्यांची शिकवण त्यांनी खाकी चड्डीतल्या पोरांपर्यंत पोचवली. 1937 मध्ये बेडन-पॉवेल भारतात येऊन गेला आणि हिंदी मुलांच्या चारित्र्याविषयी अनुदार बोलला. चारित्र्य घडवायला निघालेल्या माणसाने लाखो मुलांच्या चारित्र्यावर असा एका फटक्यात शेरा मारावा! सेवा समितीवाल्यांनी दुखावलेल्या इतर हिंदी स्काऊटांसह हिंदुस्थान स्काऊट संघटना काढली, आणि ती व बेडन-पॉवेलची संघटना हे दोन्ही प्रवाह एकत्र यायला 7 नोव्हेंबर 1950 उजाडावा लागला. त्या दिवशी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था जन्मली. कुंझरू तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले.

या नव्या संस्थेचे नियम मी एकदा मूळ नियमांशी ताडून पाहिले. उलट न विचारता हुकूम पाळण्याचा जुना नियम त्यांत नाही. त्या जागी सहावा नियम आहे: स्काऊट शिस्तप्रिय असतो आणि सार्वजनिक मालमत्तेच्या रक्षणाला मदत करतो. एका स्वतंत्र झालेल्या देशाने साहेबाच्या पुस्तकात केलेली ही दुरुस्ती मला फार अर्थपूर्ण वाटते. शिस्त राहिली, पण ती कुणाच्या हुकमासाठी नाही, तर एस.टी.च्या सीटसाठी, सरकारी दवाखान्याच्या खिडकीसाठी, आणि त्या गळक्या नळासाठी.

रोझेंथल यांच्या आरोपाला माझ्यापुरतं आणखी एक उत्तर आहे, विवियन बोस. नागपूर उच्च न्यायालयाचे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, मध्य प्रांतातल्या स्काऊट चळवळीचे अनेक वर्षं धुरीण. छोडो भारतच्या धामधुमीत सरकारचं म्हणणं होतं, की स्थानबद्ध माणसाला न्यायालयात दाद मागता येणार नाही. नागपूरच्या न्यायालयाने ते मानलं नाही. प्रभाकर केशव तरे यांच्या खटल्यातला तो निकाल बोस यांचा, आणि त्याचा दाखला पुढे आणीबाणीतही दिला गेला. स्काऊटमुळे ते असे झाले असा दावा मी करणार नाही. पण त्यांनी उभा जन्म ज्या चळवळीला वेळ दिला, ती नुसती हुकमाचे ताबेदार घडवण्याची असती, तर ते तिथे रमले असते असं वाटत नाही.

मुलींचं सांगायलाच हवं. 1909 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मेळावा भरला तेव्हा काही मुली आपणहून गणवेश करून तिथे हजर झाल्या, आणि 1910 मध्ये गाईडची चळवळ सुरू करावी लागली. माझी बहीण गाईडमध्ये होती. आमच्या गावात मुलीला घराबाहेर रात्र काढायची परवानगी दोनच कारणांनी मिळे: लग्नकार्य किंवा गाईडचं शिबिर. तिच्या दृष्टीने तिथल्या गाठी आणि मार्गचिन्हं दुय्यम होती. आपण स्वतः ठोकलेल्या तंबूत झोपलो, हे मोठं होतं. जगभरच्या गाईडांच्या जागतिक केंद्रांपैकी एक, 'संगम', आपल्या पुण्यात आहे. 1966 च्या ऑक्टोबरमध्ये त्याचं उद्घाटन लेडी बेडन-पॉवेल यांच्या हस्ते झालं. पुणेकरांना विचारा; दहातले नऊ जण पत्ता सांगू शकणार नाहीत.

आणि मग 'खरी कमाई'. स्काऊटने स्वतः कष्ट करून चार पैसे मिळवायचे, हा उपक्रम. आम्हाला एक कार्ड मिळायचं: काम, मोबदला, सही. कुणी सायकली पुसल्या, कुणी डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाटल्या धुतल्या. मला एका वकीलसाहेबांनी बागेतलं गवत काढायला लावलं, दोनदा फिरून बघितलं, कडेला राहिलेलं दाखवलं, पुन्हा काढायला लावलं आणि मग मोजून पैसे दिले. आधी राग आला होता. नंतर लक्षात आलं, की बाकीच्यांनी "गुणी पोरगं" म्हणून हातावर पैसे ठेवले; कामाचे पैसे फक्त वकीलसाहेबांनी दिले होते.

परवा एका नातलगाच्या मुलाच्या शाळेत खरी कमाई बघायला गेलो. मंडप, फुगे, कमान. भेळ आईने केलेली, सँडविच बाबांनी आणलेले, हिशेब ताईने ठेवलेला, आणि मुलगा नव्या कोऱ्या गणवेशात फोटोसाठी उभा. विकत घेणारेही पालकच. लॉगबुक इतक्या सुबक अक्षरात लिहिलेलं, की ते कुणाचं हे विचारायची गरज पडली नाही. दहावीच्या निकालात स्काऊट-गाईडचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर पुष्कळ ठिकाणी राज्य पुरस्काराची तयारी म्हणजे कागदांची तयारी झाली आहे. शिक्षकांना मी दोष देणार नाही. मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहित्या भरून उरलेल्या वेळात त्यांना पथक चालवायचं असतं, आणि शिबिरात एखाद्याचा हात भाजला तर पालकांच्या ग्रुपवर त्यांची काय गत होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. जांभळीखाली पेपर वाचत बसायला आज धाडस लागतं.

स्काऊटिंगचा पुढे उपयोग होतो का, याचा शोध शास्त्रज्ञांनीही घेतला आहे. ब्रिटनमध्ये 1958 साली जन्मलेल्या हजारो लोकांची माहिती आयुष्यभर नोंदवली जाते. 2016 मध्ये त्यावरून निघालेल्या एका अभ्यासात आढळलं, की लहानपणी स्काऊट-गाईडमध्ये असलेल्यांना पन्नाशीत चिंता आणि नैराश्यासारखे विकार असण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे 15 टक्के कमी होती. अशा आकड्यांकडे मी जपूनच बघतो. मुळात धडधाकट स्वभावाची मुलंच स्काऊटमध्ये जात असतील. पण आमचा तो दुकानदाराचा मुलगा पुढे गावच्या सगळ्या जत्रा-उत्सवांचा आचारी झाला, हौशी आणि बिनपगारी. हजार माणसांच्या पंगतीचा भात तो आजही स्वतः उभा राहून बघतो. संशोधनात बसणार नाही असा हा पुरावा माझ्याजवळ आहे.

तेव्हा पालकांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या शाळेत पथक असेल तर येत्या सुट्टीत त्याचं शिबिर होऊ द्या, खऱ्याखुऱ्या मैदानावर, लाकडाच्या चुलीवर. मुलाचं लॉगबुक मुलालाच लिहू द्या, अक्षर कसंही असो. त्याच्याबरोबर डबा देऊ नका. शिक्षक लांब बसलेले दिसले तर त्यांना फोन करू नका. आणि ते शिक्षक तुम्हीच असाल, तर पोह्यांची थैली तेवढी न विसरता बरोबर ठेवा.